आधी माल पाहावा, मग काउंटर मांडावे

सह्याद्रीच्या दक्षिण रांगेत, समुद्रसपाटीपासून सुमारे ६९० मीटर उंचीवर वसलेल्या आंबोलीत वर्षाकाठी सरासरी सात हजार मिलिमीटरच्या घरात पाऊस पडतो. मुंबईच्या पावसाच्या तुलनेत हे प्रमाण जवळपास तिप्पट भरते. सावंतवाडीहून घाट चढून येणाऱ्यांना, तसेच बेळगाव-कोल्हापूरकडून सुट्टीसाठी येणाऱ्या कुटुंबांना या पावसाचे जितके आकर्षण, तितकीच त्याची अडचणही परिचित आहे. एखादे झाड तारेवर पडते, वीज जाते, पाठोपाठ इंटरनेट जाते आणि मोबाईलची रेंजही धुक्यात हरवते. सूर्यास्तापूर्वी भोजन आटोपलेले असते, बाहेर पडण्याची सोय नसते आणि ज्या चित्रपटांसाठी दरमहा वर्गणी भरली जाते, ते सारे कुठल्या तरी दूरच्या शहरातील यंत्रांत अडकलेले असतात.

यावर उपाय म्हणून अलीकडे अनेक घरांत ‘होम सर्व्हर’ ही व्यवस्था येऊ लागली आहे. घरातीलच एका संगणकावर किंवा छोट्या साठवण-यंत्रावर चित्रपट, लग्नसमारंभांच्या फिती आणि सहलींची चित्रणे ठेवायची आणि घरच्या घरी वाय-फायवरून किंवा तारेने ती टीव्हीवर पाहायची. घरातल्या घरात चित्र पोहोचवण्यासाठी इंटरनेट लागत नाही, एवढी एक गोष्ट ध्यानात आली की या व्यवस्थेचे मोल कळते. मात्र पुष्कळ ठिकाणी सर्व्हरवर विचारपूर्वक पैसा खर्च होतो आणि टीव्हीला जोडायचा प्लेअर जाहिरात पाहून उचलला जातो. मग चित्र अडखळते, आवाज येत नाही, अक्षरे तुटतात आणि दोष सर्व्हरच्या माथी मारला जातो.

व्यापारी घरांना ही रचना समजायला कठीण नाही. सर्व्हर हे गोदाम. त्यावरील जेलीफिन, प्लेक्स किंवा एम्बी यांसारखे सॉफ्टवेअर ही मालाची वही. कोणता चित्रपट कुठे आहे, कोणी किती पाहिला, याची नोंद ते ठेवते. घरातील वाय-फाय किंवा तार हा रस्ता. आणि प्लेअर म्हणजे दुकानाचे काउंटर, जिथे माल ग्राहकाच्या हाती पडतो. गोदामात काय आहे हे न पाहता काउंटर बांधणारा व्यापारी विरळा. प्लेअरच्या निवडीलाही तोच नियम लावला पाहिजे.

मालाची यादी

एका सर्वसाधारण कुटुंबाकडे चार पिढ्यांचा माल असतो. पहिली, ऐंशी-नव्वदच्या दशकांतील व्हीएचएस कॅसेटी. दुसरी, त्यानंतरच्या कॅमेऱ्यांच्या मिनी-डीव्ही फिती. एका तासाची फीत संगणकावर घेतली की साधारण १३ जीबी जागा व्यापते, म्हणजे वीस फितींना सुमारे २६० जीबी लागतात. तिसरी, डीव्हीडी, एकेरी थराच्या डीव्हीडीत ४.७ जीबी आणि दुहेरी थराच्या डीव्हीडीत ८.५ जीबी मावतात. चौथी, हल्लीच्या मोबाईलवरील चित्रणे, ज्यांत बहुधा ‘एचईव्हीसी’ ही नवी संकोचन-पद्धत वापरलेली असते.

या चार मालांच्या गरजा वेगवेगळ्या आहेत. जुन्या कॅसेटी आणि डीव्हीडी यांचे चित्र आपल्याकडील ‘पाल’ पद्धतीचे, म्हणजे ५७६ ओळींचे आणि आंतरओळी असते. सेकंदाला ५० अर्धी चित्रे येतात. एकात सम क्रमांकाच्या ओळी, दुसऱ्यात विषम. जुन्या टीव्हीला ती तशीच चालत. आजच्या टीव्हीसाठी मात्र ती जुळवून पूर्ण चित्र करावे लागते. ज्या प्लेअरला हे जुळवणे नीट येत नाही, त्यावर वरमाला घालणाऱ्या हाताच्या कडेला कंगव्याच्या दातांसारख्या रेषा उमटतात. फीत खराब झाली असे घरचे समजतात. वस्तुतः फीत शाबूत असते. व्हीएलसी आणि कोडी ही दोन्ही सॉफ्टवेअर हे काम चोख करतात. व्हीएलसीचा उगम पॅरिसजवळील इकोल सेंत्राल या अभियांत्रिकी संस्थेतील विद्यार्थ्यांच्या १९९६ च्या प्रकल्पात आहे आणि २००१ पासून ते सर्वांसाठी खुले व विनामूल्य आहे. कोडी पूर्वी ‘एक्सबीएमसी’ या नावाने ओळखले जाई. २०१४ मध्ये त्याचे नाव बदलले.

जसाच्या तसा, की पुन्हा बांधून?

प्लेअर निवडताना विचारायचा सर्वांत महत्त्वाचा प्रश्न हा: साठवलेली फाईल तो जशीच्या तशी चालवू शकतो का? चालवू शकत असेल तर सर्व्हरला फक्त फाईल पुढे पाठवायची असते; जुना, अल्प शक्तीचा संगणकही ते काम सहज करतो. प्लेअरला ती भाषा समजत नसेल, तर सर्व्हरला तोच चित्रपट त्या क्षणी उलगडून दुसऱ्या पद्धतीने पुन्हा बांधावा लागतो. याला ‘ट्रान्सकोडिंग’ म्हणतात. गिऱ्हाईक काउंटरवर उभे असताना पोत्यातला माल पुड्यांत भरत बसण्यासारखाच हा प्रकार. सर्व्हर तापतो, वीज खातो आणि चित्र थांबत-थांबत येते.

चित्रांच्या या भाषांत तीन नावे पुरेशी आहेत. ‘एच.२६४’ ही २००३ पासूनची. आज जवळजवळ प्रत्येक यंत्राला ती येते. ‘एच.२६५’ म्हणजेच एचईव्हीसी ही २०१३ ची; ‘फोर-के’ चित्रणासाठी ती सर्रास वापरली जाते. ‘एव्ही-वन’ ही २०१८ ची. ती नव्या यंत्रांतच सापडते. नवा प्लेअर घेताना पहिल्या दोन असल्याच पाहिजेत. तिसरी असल्यास पुढची काही वर्षे निभावतील. डीव्हीडीवरील ‘एमपेग-टू’ ही जुनी भाषा मात्र विसरता कामा नये. काही नव्या यंत्रांना ती सॉफ्टवेअरच्या आधारानेच उमगते.

आवाजाचीही गोष्ट अशीच. डॉल्बीचा साधा प्रकार बहुतेक टीव्हींना चालतो. डीटीएस हा प्रकार मात्र मध्यंतरी काही मोठ्या टीव्ही कंपन्यांनी आपल्या यंत्रांतून काढून टाकला. चित्र उत्तम आणि आवाज शून्य, अशी तक्रार आली की पुष्कळदा कारण हेच असते. अशा वेळी टीव्ही बदलण्याची गरज नसते. डीटीएस उलगडणारा प्लेअर जोडला की प्रश्न मिटतो.

रेंज नसताना काय उघडते

आंबोलीसारख्या ठिकाणी याहून निर्णायक कसोटी आहे. इंटरनेट पूर्ण बंद असताना प्लेअर सुरू होतो का, आणि दहा पावलांवरील सर्व्हर त्याला दिसतो का? अनेक प्लेअर सुरू होताच आधी कंपनीच्या दूरच्या यंत्राशी बोलू पाहतात. ते बोलणे झाले नाही तर मुखपृष्ठच नीट उघडत नाही आणि आपले ॲप सेटिंगच्या यादीतून शोधून काढावे लागते. तरुणांना ते जमते. रिमोट हाती घेतलेल्या आजीला जमत नाही. चित्रपट घरात, टीव्ही घरात, दोहोंमधली तारही घरात, आणि परवानगी मात्र बाहेरून यायची, असा हा विपरीत व्यवहार आहे.

वहीच्या सॉफ्टवेअरमध्येही हा भेद आहे. जेलीफिन हे डिसेंबर २०१८ मध्ये एम्बीपासून वेगळे होऊन निघालेले खुले सॉफ्टवेअर. त्यातील खाते आणि सांकेतिक शब्द घरच्याच सर्व्हरवर राहतात. बाहेरची परवानगी लागत नाही. प्लेक्सची मांडणी अधिक सुबक आहे, परंतु ओळख पटवण्याचे काम त्यांच्या खात्यामार्फत चालते. घरातील जाळ्याला आधीच सूट देऊन ठेवण्याची सोय त्यात आहे. ती पावसाळ्यापूर्वी लावून तपासली पाहिजे. शिवाय २९ एप्रिल २०२५ पासून प्लेक्सने घराबाहेरून स्वतःचा संग्रह पाहण्याची सोय सशुल्क केली. बेळगावच्या घरातील सर्व्हरवरचे चित्रपट आंबोलीत पाहू, असा बेत करणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावे. तो बेत तसाही पावसाळ्यात टिकणारा नाही, कारण दोन्ही टोकांना इंटरनेट असावे लागते. त्यापेक्षा संग्रहाची एक प्रत एका डिस्कवर घालून आंबोलीतच ठेवणे शहाणपणाचे.

चिऱ्याची भिंत आणि रस्त्याची रुंदी

रस्त्याचा हिशेब सोपा आहे. ४.७ जीबीची डीव्हीडी दोन तासांत दाखवायची तर सेकंदाला सरासरी पाच मेगाबिटांच्या आसपास लागतात. २५ जीबीच्या ब्लू-रेला सुमारे २८, आणि ५० जीबीच्या ब्लू-रेला सुमारे ५५ मेगाबिट. साधी १०० मेगाबिटची तारही एवढ्यासाठी पुरते. फोर-के ब्लू-रेच्या मूळ प्रतीत मात्र एखाद्या प्रसंगी वेग १०० च्या वर जातो. तेवढ्यापुरता अधिक वेगाच्या जोडणीचा विचार करावा.

वाय-फायचे गणित कागदावर मांडता येत नाही. कोकणातील चिऱ्याची जाड भिंत, त्यातही चार महिने ओल धरलेली, ५ गिगाहर्ट्झच्या लहरींना बऱ्याच अंशी अडवते. २.४ गिगाहर्ट्झच्या लहरी भिंतीपलीकडे जातात, पण त्यांचा वेग कमी. म्हणून सर्व्हर एका खोलीत आणि टीव्ही दोन भिंती ओलांडून दुसऱ्या खोलीत असेल, तर उन्हाळ्यातच एक तार टाकून घ्यावी. प्लेअरला तारेसाठी खाच आहे का, नसल्यास जोडतुकडा लावता येतो का, हे विकत घेण्यापूर्वी विचारावे. चांगल्या तारेने साध्या प्लेअरचेही काम सुधारते.

चार प्रकारची काउंटरे

पहिला पर्याय टीव्हीचाच. स्मार्ट टीव्हीत जेलीफिन किंवा प्लेक्सचे ॲप मिळत असेल तर वेगळा खर्च नाही आणि रिमोटही एकच. परंतु टीव्ही दहा वर्षे चालतो आणि त्यातील सॉफ्टवेअरची देखभाल कंपनी बरीच आधी थांबवते. आरंभ यापासून करावा, विसंबून मात्र राहू नये.

दुसरा पर्याय काडीसारख्या छोट्या यंत्रांचा. ॲमेझॉनची फायर टीव्ही स्टिक हे त्याचे परिचित उदाहरण. किंमत कमी, रिमोट सोपा. मात्र अलीकडच्या काही स्टिकवर ॲन्ड्रॉइडऐवजी ‘वेगा’ ही नवी प्रणाली आली आहे आणि तिच्यावर दुकानाबाहेरचे ॲप घालता येत नाही. कोडी वापरायचा विचार असेल तर कोणती प्रणाली आहे हे खोक्यावरून पाहूनच घ्यावी.

तिसरा पर्याय गूगल टीव्हीची प्रमाणित पेटी किंवा ॲपल टीव्ही. या यंत्रांत जागा व शक्ती अधिक असते. कुटुंबात आयफोन वापरणारे अधिक असतील तर ॲपल टीव्हीवर ‘इन्फ्यूज’ हे सशुल्क ॲप नाना प्रकारच्या फाईली सर्व्हरकडून काम न करवून घेता चालवते. खर्च सर्वांत जास्त, पण कटकट कमी.

चौथा पर्याय छोट्या संगणकाचा किंवा रास्पबेरी पायचा, ज्यावर कोडी बसवता येते. इंटरनेट नसताना सर्वांत निर्धास्त हाच. घरात कोणी हौशी तरुण असेल आणि तो शिक्षणासाठी परगावी गेल्यावरही व्यवस्था चालेल अशी मांडणी करून ठेवणार असेल, तरच हा मार्ग धरावा.

पाचव्या प्रकाराचा उल्लेख केवळ सावधगिरीसाठी. बाजारात आणि ऑनलाइन अनेक अनोळखी नावांच्या स्वस्त ॲन्ड्रॉइड पेट्या मिळतात. ‘सर्व चित्रपट, सर्व वाहिन्या आयुष्यभर फुकट’ असे त्यांवर लिहिलेले असते. जून २०२५ मध्ये अमेरिकेच्या एफबीआयने ‘बॅडबॉक्स २.०’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या जाळ्याविषयी जाहीर इशारा दिला. अशा अप्रमाणित पेट्यांत घातक सॉफ्टवेअर कधी कारखान्यातूनच येते, कधी पहिल्या वापराच्या वेळी शिरते. व्यापारी घरात याचा अर्थ निराळा होतो. ज्या वाय-फायवर ही पेटी असते, त्याच वाय-फायवर पुष्कळदा जीएसटीची विवरणपत्रे, बँकेचे व्यवहार आणि दुकानाच्या बिलांचा संगणक असतो. दोन हजार रुपये वाचवण्यासाठी तिजोरीच्या खोलीत अनोळखी माणसाला झोपू देण्याचाच हा प्रकार. प्लेअर प्रमाणित असला तरी राऊटरवर त्याच्यासाठी पाहुण्यांचे वेगळे वाय-फाय करून द्यावे आणि घरचा सर्व्हरही त्याच बाजूस ठेवावा; हिशेबाचा संगणक दुसऱ्या बाजूस राहावा. दोन्ही एकत्र असूनही एकमेकांना दिसत नसतील, तर पाहुण्यांच्या जाळ्यातील परस्परसंपर्क बंद करणारी खूण काढून टाकावी.

देवनागरी अक्षरे आणि आजोबांचा रिमोट

ऐकू कमी येणाऱ्या ज्येष्ठांसाठी पडद्याखालील अक्षरे ही चैन नव्हे, गरज आहे. त्यांची फाईल ‘युनिकोड’मधील असावी, जुन्या मराठी फॉन्टमध्ये टंकलेली असल्यास पडद्यावर निरर्थक चिन्हे दिसतात. काही प्लेअर देवनागरी दाखवतात, पण जोडाक्षरे फोडतात आणि वेलांटी भलत्या जागी टाकतात. ‘किल्ल्याच्या’, ‘प्रत्यक्ष’, ‘स्त्रियांनी’ असे चार शब्द असलेली एक फाईल लावून पाहिली की पाच मिनिटांत निकाल लागतो. डीव्हीडी किंवा ब्लू-रेवरील अक्षरे ही वस्तुतः छोटी चित्रे असतात. प्लेअरला ती समजली नाहीत तर सर्व्हर ती मूळ चित्रावर छापून पाठवतो, आणि पुन्हा तोच ट्रान्सकोडिंगचा भार येतो.

रिमोटची परीक्षा दुकानदाराने किंवा मुलाने घेऊ नये. ज्यांच्या हाती तो राहणार त्यांनी घ्यावी. प्लेअर सुरू करणे, लग्नाची फीत शोधणे, मध्येच थांबवणे आणि दुसऱ्या दिवशी तिथूनच पुढे पाहणे, ही चार कामे आजी-आजोबांना न विचारता जमली, तर निवड योग्य.

वीज, ओल आणि दुसरी प्रत

जुना संगणक सर्व्हर म्हणून सतत चालू ठेवला आणि तो ६० वॅट घेत असेल, तर वर्षाला सुमारे ५२५ युनिटे होतात. १५ वॅटच्या छोट्या यंत्राला तीच सुमारे १३१. इन्व्हर्टरची १२ व्होल्ट, १५० अँपिअर-अवरची बॅटरी कागदावर १,८०० वॅट-तास देते. प्रत्यक्षात १,२०० धरावेत. टीव्ही ८०, छोटा सर्व्हर १५, राऊटर आणि प्लेअर मिळून १५ असे ११० वॅट धरले तर दहा-अकरा तास निभावतात. प्लेअर फाईल जशीच्या तशी चालवत असेल तरच हा हिशेब खरा ठरतो. ट्रान्सकोडिंग सुरू झाले की सर्व्हरचा आकडा वाढतो.

आंबोलीच्या हवेत चुंबकीय फितींवर आणि कॅमेऱ्याच्या भिंगांवर बुरशी चढते. म्हणून कॅसेटी तिथे ठेवू नयेत. त्यांचे रूपांतर लवकरात लवकर करून घ्यावे. प्लेअर आणि सर्व्हर बंद कपाटात कोंडू नयेत, आणि चार महिने घर बंद राहणार असेल तर डिस्क सिलिका जेलच्या पुडीसह हवाबंद डब्यात घालून सोबत न्यावी.

डिस्क कितीही चांगली असो, ती एकच असेल तर संग्रह सुरक्षित नाही. ८ जानेवारी २००३ रोजी पुण्यात, जुन्या प्रभात स्टुडिओच्या आवारातील चित्रपटसाठ्याला आग लागली आणि प्रभातच्या चित्रपटांच्या मूळ नायट्रेट फिती जळाल्या. ज्यांच्या सुरक्षित प्रती अन्यत्र काढून ठेवल्या होत्या, ते चित्रपट आजही पाहता येतात. घरच्या फितीला तर एकच मूळ असते आणि तिची दुसरी प्रत जगात कुठेही नसते. एक प्रत आंबोलीत, दुसरी गावच्या घरी, तिसरी एखाद्या नातेवाइकाकडे, अशी वाटणी असावी.

मालकीचा प्रश्न

गोदामातला माल कोणाचा, हा प्रश्न टाळता येत नाही. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ मध्ये खासगी वापरासाठीच्या वाजवी उपयोगाला जागा ठेवली आहे. परंतु २०१२ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम ६५अ नुसार हक्कभंगाच्या हेतूने डिजिटल कुलूप तोडणे हा गुन्हा आहे. इतरांनी चोरून चढवलेले चित्रपट उतरवून घेणे तर कोणत्याही अर्थाने घरचा माल नव्हे. चित्रपटाचा हक्क प्रदर्शनाच्या पुढील वर्षारंभापासून ६० वर्षे राहतो. त्यामुळे ‘संत तुकाराम’ (१९३६) किंवा ‘श्यामची आई’ (१९५३) या चित्रपटांची ती मुदत संपली आहे. त्यांतील कथा आणि संगीत यांचे हक्क मात्र स्वतंत्रपणे मोजले जातात. कुटुंबाने स्वतः केलेली चित्रणे हा संग्रहाचा सर्वांत निर्वेध आणि सर्वांत मौल्यवान भाग होय.

खरेदीपूर्वीची कसोटी

प्लेअर परत करता येईल अशा अटीवरच घ्यावा आणि सहा फाईलींनी तपासावा: कॅसेटवरून घेतलेले एक चित्रण, एक डीव्हीडी, मोबाईलवरील एक फोर-के चित्रण, डीटीएस आवाजाचा एक चित्रपट, देवनागरी अक्षरे असलेला एक, आणि घरातील सर्वांत मोठी फाईल. सहाही चालल्या की राऊटरची इंटरनेटची तार काढावी, प्लेअर बंद करून पुन्हा सुरू करावा आणि पुन्हा तपासावे. सर्व्हरच्या नोंदीत ‘डायरेक्ट प्ले’ असे दिसले तर काम फत्ते. ‘ट्रान्सकोड’ दिसले तर कारण शोधावे, आणि ते सापडत नसेल तर प्लेअर परत करावा.

ही कसोटी मे महिन्यात, रस्ते मोकळे आणि दुकाने जवळ असताना घ्यावी. जुलैत घाटावर धुके उतरल्यावर तपासायला आणि बदलायलाही उशीर झालेला असतो.